मापाची वही

वनमालाच्या वहीत अर्ध्या तळोधीची मापं आहेत.
छाती चौतीस, बाही सात, गळा मागून खोल,
आणि मध्येच एका पानावर, पेन्सिलीनं,
तिचं स्वतःचं.

दोन वर्षांमागं तीन रात्रींत
एकेचाळीस ब्लाऊज शिवले होते तिनं.
कुणी मागितले नव्हते.
त्यातले अकरा माझ्या आईच्या लग्नातल्या लुगड्याचे.
झोप नाही, भूक नाही,
बोलणं मात्र तणसाच्या आगीसारखं,
इकडून विझवावं तर तिकडून धूर.
पोत गहाण टाकून पाटी रंगवून आणली:
'वनमाला फॅशन इन्स्टिट्यूट.
शाखा नागभीड, शाखा नागपूर.'

ती पाटी आता कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे.
तिनंच ठेवली.
"नागपूर शाखा अंडे देते," म्हणते.

मग पूस आला आणि मशीनवर चादर.
भिंतीकडं तोंड, केसांत गुंता,
पोरीच्या युनिफॉर्मचा हूक तुटलेलाच.
लोक म्हणाले आळस. लोक म्हणाले बाहेरचं.
आई लिंबू उतरवून गेली.
मामा म्हणाला, "बायकोले जरा धाकात ठेव."
आणि मी म्हणालो, "ऊठ, मन घट्ट कर."
मोडल्या पायाला सांगावं तसं,
चार पावलं चाल, बरं वाटेल.

मी लाईनमन.
चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा
वाटलं, हे तर आपलंच खातं: व्होल्टेज.
कधी चढतं, कधी पडतं.
घरी येऊन ऐटीत तिला सांगितलं.
ती म्हणाली, "मी का डीपी आहो का, बाप्पा?"

ते पान आश्विनातलं. बरी होती तेव्हा.
धान लोंबीवर, बोडीत पाणी.
म्हणाली, "लिही. मंग मले सांगता येनार नाही.

रात्री दोनले कापड कापाले बसली
तर वरडू नको. बाजूले बस.
सकाळी बाईले फोन लाव.
पैसे तुह्या बहिणीकडं. मी भांडीन, तरी देऊ नको.
पडून राहिली तर 'काय झालं' विचारू नको,
मले माहीत नसते.
पोरीची वेणी घाल. जमलं तर माही बी.
मराचं बोलली तर गंमत समजू नको,
त्याच दिवशी गाडी कर.
आन् लोकाईपुढं गोळीचं काढाचं नाही."

हे शेवटचं मी मोडलं.
मंडईची रात्र, दंडार रंगलेली,
ती पोट धरून हसली.
सगळं गावच हसत होतं.
आणि मी वाकून विचारलं, "गोळी घेतली?"
तिचं हसू जागच्या जागी उसवलं.
घरापर्यंत एक शब्द नाही. दारात एवढंच:
"माहं एक बी हसनं माहं नाही का?"

त्या पानावर त्या रात्री
माझ्या अक्षरात एक ओळ पडली.
ती मी कुणाला सांगत नाही.

आता मे. डांबर चपलेला चिकटतं.
या गोळीला ऊन सोसत नाही,
अंगातलं पाणी आटलं की रक्तात ती चढते.
म्हणून दोन माठ, मीठ रोजच्याइतकंच,
आणि रक्त द्यायला पहाटेची एसटी,
सकाळची गोळी पदराच्या गाठीत बांधून, नंतर घ्यायला.

तिची बोटं थरथरतात.
सुईच्या नाकाशी दोरा चुकतो, पुन्हा चुकतो.
मी हात पुढं करतो. ती नुसती बघते.
मी हात मागं घेतो.
सहाव्यांदा जातो दोरा.

काल अंगणात बाजेवर पोरीशी बोलता बोलता
खदखदून हसली.
किती वाजले ते बघायला माझी मान वळली होती.
अर्ध्यातच धरली.
म्हटलं, "काय झालं? मले बी सांगा ना."